वाइंडिंगच्या वर्कशॉपातली माझी नेमणूक

माझं अक्षर वाईट आहे. ओळ कधी वर चढते, कधी खाली घसरते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, चौथीच्या बाईंनी पट्टी मारून सांगितलं तरी जमलं नाही. ही वही ज्याच्या हाती पडेल त्यानं तेवढं सांभाळून घ्यावं. पाचवीची शाळा नदीपलीकडच्या गावात होती आणि घरात माझ्यामागं तीन लहान भावंडं होती, म्हणून माझं शिकणं चौथीलाच थांबलं. तशी ही वही मी कुणाला दाखवणार नाही. कॉलेजच्या पोरांच्या उरलेल्या जर्नलची आहे, एका बाजूला रेघा आणि एक बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर आकृती काढायची असते. मी दोन्ही बाजूंना लिहिणार आहे.

लिहायचं कारण असं की गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजनं पुस्तिका छापली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. पहिली दोन पानं कॉलेज कसं उभं राहिलं त्याची आहेत. परिसरातल्या उद्योगांची गरज ओळखून संस्थेनं कॉलेज काढलं, जाणकारांचा सल्ला घेतला, अनुभवी कर्मचारी नेमले, असं तिथं लिहिलंय. मी ती पानं बोट ठेवून तीनदा वाचली. त्यात खोटं काहीच सापडलं नाही. पण सल्ला कुठं घेतला आणि नेमणूक कशी झाली ते त्यात नाही. मला ते माहीत आहे.

मी मुकुंदवाडीत राहते. बावीस वर्षं चितेगावात मोटर वाइंडिंगच्या दुकानात काम केलं. दुकान म्हणजे पैठण रोडला लागून पत्र्याचे दोन गाळे. आसपासच्या कंपन्यांच्या जळालेल्या मोटरी आमच्याकडे यायच्या. जुनी तार तोडून काढायची, खाचांत कागद घालायचा, लाकडी फरम्यावर नव्या तांब्याच्या तारेचे वेढे गुंडाळायचे, ते खाचांत बसवायचे, दोऱ्यानं बांधायचे आणि वार्निश पाजायचं. मी तिथं झाडायला लागले होते. एकदा कारागीर आला नाही म्हणून मालकांनी, त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो, मला फरम्यावर बसवलं. वेढे मोजताना बोलायचं नसतं, बोललं की आकडा जातो. चार माणसांत बोलणं मला लहानपणापासून जमत नाही. इथं तर न बोलण्याचेच पैसे मिळत होते. मी फरम्यावरून उठलेच नाही. झाडायला उस्तादांनी दुसरं माणूस बघितलं.

तीन वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, एक निवृत्त इंजिनिअर स्कूटरवरून दुकानात आले. गारखेड्यात राहायचे. पैठण रोडला नवं तांत्रिक कॉलेज निघणार होतं आणि संस्था त्यांना प्राचार्य करणार होती. कॉलेजात काय शिकवायचं ते ठरवायला ते एकेका दुकानात, एकेका कंपनीत जाऊन विचारत होते. सगळे त्यांना सर म्हणायचे.

"कसा कामगार पाहिजे तुम्हाला?" त्यांनी उस्तादांना विचारलं.

"मेरेकू नक्को पूछो साब," उस्ताद म्हणाले. "मैं तो खाली बिल बनाता. वो बाईकू पूछो."

सर माझ्यासमोर उकिडवे बसले. "ताई, शिकून आलेली मुलं तुमच्याकडे कामाला येतात ना? त्यांना काय येत नाही?"

माझा आकडा साठाच्या पुढं गेला होता. मी एक बोट वर केलं. ते थांबले. कॉइल पूर्ण होऊन मी तार कापेपर्यंत ते गप्प बसून राहिले, म्हणून मी त्यांच्याशी बोलले. नाहीतर बोलले नसते.

"मोटर का जळाली ते त्यांना बघता येत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

मी कोपऱ्यातली एक मोटर ओढून आणली. तिच्या काही कॉइलींचा कोळसा झाला होता आणि त्यांच्या मधल्या कॉइली चांगल्या लाल होत्या. "हिची एक लाईन गेली आणि ही दोन लाईनींवर तशीच ओढत राहिली. सगळीकडून सारखी काळी असती तर लोड जास्त होता. एकाच जागी भोक पडलं असतं तर तिथं तार सोलली होती. पोरं नुसती तार भरून देतात. कंपनीतला दोष तसाच राहतो. आठ दिवसांत मोटर पुन्हा आमच्या दारात."

"हे कुठल्या पुस्तकात मिळेल?"

"मी पुस्तक नाय वाचलं," मी म्हणाले.

ते त्यानंतर तीनदा आले. खिशात छोटी डायरी असायची. मी जे सांगितलं ते लिहून घेतलं. नव्या मोटरी दोनच घ्या, जळालेल्या तीस घ्या. टेबल कंबरेएवढं ठेवा, उंच टेबलावर तार ओढली की खांदा जातो. उजेड डाव्या हाताकडून येऊ द्या. एका फरम्यावर एकच पोरगं बसवा, दोघांनी मिळून वेढे मोजता येत नाहीत.

मग एक दिवस संस्थेच्या ऑफिसात बैठक होती आणि सर मला घेऊन गेले. मी नको म्हणत होते. दुकानदार, दोन-तीन कंपन्यांचे साहेब, आणि मध्ये संस्थेचे सचिव. जमीन त्यांच्या घराण्याची. त्या रोडला दोन्ही बाजूंना त्यांचंच शेत होतं, आता निम्म्यावर शेड आहेत. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. सरांनी माझी यादी वाचून दाखवली. माझी आहे हे सांगितलं नाही, ते मीच नको म्हटलं होतं.

"तीस जळालेल्या मोटरी?" भाऊ म्हणाले. "सर, कॉलेज काढायचंय का भंगाराचं दुकान?"

सगळे हसले. एक दुकानदार म्हणाला, "भाऊ, भंगारावरच आमची घरं चालतात." मग आणखी हसले, पण मोटरी मंजूर झाल्या.

टेबलावर इमारतीचा नकाशा पसरला होता. सगळे बोलत होते तेव्हा मी तो बघत बसले. मला नकाशा वाचता येतो, वाइंडिंगचा डायग्राम त्याहून किचकट असतो. वर्कशॉपच्या बाजूला पुरुषांच्या संडासाच्या चार खोल्या होत्या. बायकांची एकही नव्हती. मी सरांच्या कानाशी म्हणाले. सर म्हणाले, तुम्हीच सांगा. मी नको म्हणून मान हलवली. मग भाऊंनीच विचारलं, "काय म्हणतात त्या?"

"बायांची मोरी कुठंय?" मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, ते जास्त वाईट.

"वर्कशॉपात बाया कशाला येतील?"

"मी आलेय ना," मी म्हणाले.

बायकांची एक खोली नकाशात आली. आज त्या बाजूला अकरा मुली शिकतात. पुस्तिकेत मुलींचा फोटो आहे.

इमारत उभी राहत होती तोवर नेमणुका निघाल्या. हातानं काम शिकवणाऱ्याला कागदावर निदेशक म्हणतात. सर दुकानात येऊन म्हणाले, "ताई, वाइंडिंगच्या निदेशकाची जागा आहे. तुम्ही अर्ज करा." माझ्याकडे डिप्लोमा नाही, मी म्हणाले. ते म्हणाले, बघू, संस्थेला मी सांगतो. मी अर्ज केला. मुलाखत झाली. मला दोनच प्रश्न विचारले आणि दोन्हींची उत्तरं मला येत होती. शेवटी भाऊ म्हणाले, "इमारत निधीचं क्लार्क सांगतील." सर तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. ते मला आठवतंय.

इमारत निधी म्हणजे काय ते आमच्या भागात नोकरी शोधणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. शाळा असो की कॉलेज, जागा मिळाली की आधी संस्थेला पैसे भरायचे. जागा जितकी मोठी तितका निधी. कुणी त्याला लाच म्हणत नाही. लोक सरळ विचारतात, तुमच्या पोराला किती लागले. क्लार्क म्हणाले, मावशी, तुम्हाला डिप्लोमा नाही तरी भाऊंनी तुमचं कमीच ठेवलंय. चाळीस हजार.

घरी सांगितलं. माझे मालक, म्हणजे नवरा, कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहेत. ते म्हणाले, "एवढ्यात तर आपण आपलंच छोटं दुकान टाकू."

"दुकान टाकलं की बोर्डावर तुमचं नाव लागंल आणि तार मी ओढीन," मी म्हणाले.

ते हसले.

पैसे आमच्या बचत गटाकडे मागितले. आम्ही अकरा बाया. रविवारी दुपारी विहारात बसतो. गटाची अध्यक्ष मुकुंदवाडी स्टेशनाबाहेर पोहे विकते, तिचा आवाज प्लॅटफॉर्मवर ऐकू येतो. तिनं माझं ऐकून घेतलं.

"नोकरी लागायच्या आधी पगार त्यांनाच द्यायचा व्हय?"

"सगळेच देतात म्हणं."

"मग तर लईच चांगलं. सगळेच देतात तर पावती बी देत असतील."

त्या वर्षी पैशाची पाळी माझी नव्हती. ज्या बाईची होती तिच्या मुलीला पुढच्या वर्षी नर्सिंगला घालायचं होतं. ती म्हणाली, "घे. पण माझ्या पोरीच्या ॲडमिशनच्या आत मला पाहिजेत." मी हो म्हटलं. पुढचं वर्षभर तेच माझ्या डोक्यात होतं.

आमच्या गटाचा एक नियम आहे. गटाबाहेर जाणाऱ्या पैशावर ज्याला पैसे दिले त्याची सही वहीत पाहिजे. पूर्वी एका बाईच्या नवऱ्यानं शेळी घेतो म्हणून पैसे नेले आणि शेळी कधी कुणाला दिसली नाही, तेव्हापासून. अध्यक्षेच्या मुलीनं वहीत लिहिलं: कॉलेजात वाइंडिंग निदेशक पदासाठी इमारत निधी, रुपये चाळीस हजार मिळाले. खाली सहीची जागा.

मी पैसे घेऊन ऑफिसात गेले. क्लार्कपुढं गर्दी होती. प्रवेश सुरू होते आणि पोरांचे आईबाप उत्पन्नाचे, रहिवासाचे कागद घेऊन उभे होते. क्लार्क शिक्का मारत होते, कागद सरकवत होते. मी बंडलं ठेवली. त्यांनी मोजली आणि खणात टाकली. मी वही पुढं केली. "इथं सही द्या. गटाचा नियम आहे." त्यांनी मी बोट ठेवलं तिथं सही केली, सवयीनं संस्थेचा गोल शिक्का मारला, आणि म्हणाले, "पुढचा."

असा पैसा लिहायचा नसतो हे मला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं, पण त्या घाईत आठवलं नाही.

कॉलेज सुरू झालं. वर्कशॉप चांगलं झालं होतं, टेबलं कंबरेएवढी. पहिल्या दिवशी वीस पोरं-पोरी उभ्या होत्या आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी मी फरम्यावर बसले आणि एक कॉइल भरली. कुणाशी बोलले नाही. पोरं आधी कुजबुजली, मग हळूहळू गप्प झाली. तार कापली तेव्हा मागची एक मुलगी म्हणाली, "बहात्तर." बरोबर बहात्तर होते. मी तिला फरम्यावर बसवलं. पुढं सगळं असंच शिकवलं. एक दिवस करून दाखवायचं, दुसऱ्या दिवशी त्यांनी करायचं, आणि बोलायचं ते फक्त जळालेली मोटर उघडल्यावर.

माझ्याबरोबर एक डिप्लोमावाले सर नेमले होते. वयानं माझ्या मुलीएवढे. त्यांनी दोन लाख भरले होते, वडिलांच्या पीएफमधून. फळ्यावर आकृती चांगली काढायचे. तार मात्र त्यांनी कधी हातात घेतली नव्हती आणि ते लपवायचेही नाहीत. पोरं जेवायला गेली की म्हणायचे, "मावशी, मला पण दाखवा." मी दाखवायचे. मला ते आवडायचे.

पहिले तीन महिने पगार पाकिटातून मिळाला. चौथ्या महिन्यात, कॉलेजच्या तपासणीला कमिटी येणार म्हणून, पगाराचं छापील रजिस्टर केलं. क्लार्कनी सहीला बोलावलं. मी हळू वाचते, त्यामुळं मागं लोक खोळंबले. वाइंडिंग निदेशक या ओळीत डिप्लोमावाले सर होते. माझं नाव पान उलटल्यावर सापडलं. पुढं लिहिलं होतं, सफाई कामगार.

सफाईचं काम मी हलकं समजत नाही. माझ्या आईनं गाव सोडून आल्यापासून या शहराचे रस्ते झाडले. पण आई झाडत होती आणि कागदावरही झाडणारीच होती. इथं मी शिकवत होते. त्या पानावर आमच्याच वस्तीतले आणखी दोघं होते, ते खरोखर झाडायचे. आधीच्या पानावरची आडनावं मी वाचली, या पानावरची वाचली. आडनावं वाचायला चौथी पुरते.

"हे चुकलंय," मी म्हणाले.

"मावशी, कागदावरचं काय मनावर घेता," क्लार्क म्हणाले. "पगार मिळाल्याशी मतलब."

"मग कागदावर तुम्ही झाडा," मी म्हणाले. "पगार मिळाल्याशी मतलब." मी त्यांच्याकडे बघून नाही म्हणाले. शाईच्या पॅडकडे बघून म्हणाले. पण म्हणाले. आणि सही केली नाही.

प्राचार्य सरांकडे गेले. सर म्हणाले, डिप्लोमाची अट आहे, कमिटीला पात्र माणूस दाखवावा लागतो, पुढच्या वर्षी काहीतरी करू. त्यांचा चेहरा पडला होता. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

तपासणीच्या दिवशी एका कंपनीतून टेस्टिंगची दोन पॅनल उसनी आणून वर्कशॉपात मांडली होती. पोरांना इस्त्रीचे कपडे घालून बोलावलं होतं. मला सांगितलं, कॅन्टीनमध्ये थांबा, चहाचं बघा. मी कॅन्टीनपर्यंत गेलेसुद्धा. तिथं कपबशा मांडून ठेवल्या होत्या, मोजून अठरा. मी त्या बघितल्या आणि वर्कशॉपात परत आले. माझ्या टेबलावर बसले आणि अर्धवट राहिलेली मोटर पुढं ओढली.

कमिटीत दोन पुरुष आणि एक बाई होत्या. भाऊ त्यांना घेऊन आत आले आणि मला बघून थबकले.

"या कोण?" कमिटीच्या बाईंनी विचारलं.

"सफाईच्या मावशी," भाऊ म्हणाले. "यांना हौस आहे."

"हौस म्हणून कॉइल भरताय?" बाईंनी मला विचारलं.

मी बोट वर केलं. आकडा सोडायचा नव्हता. त्या थांबल्या आणि त्यांच्यामुळं सगळ्यांना थांबावं लागलं. मी तार कापली. कॉइल फरम्यावरून काढून टेबलावर ठेवली.

"मी इथं वाइंडिंग शिकवते," मी म्हणाले. "चार महिने झाले. माझ्या नावापुढं सफाई लिहिलंय. मी जागेसाठी चाळीस हजार भरलेत."

कमिटीच्या बाई डिप्लोमावाल्या सरांकडे वळल्या. "निदेशक तुम्ही ना? मग या काय करतात?" सर आपल्या बुटांकडे बघत राहिले. दोन लाखांचा माणूस काय बोलणार. मागून बहात्तरवाली मुलगी म्हणाली, "मॅडम, शिकवतात मावशीच." भाऊंनी तिच्याकडे बघितलं. पण तिचं सांगून झालं होतं.

कमिटीनं शेरा लिहिला की प्रात्यक्षिक शिकवणाऱ्याची नेमणूक आणि रजिस्टर जुळत नाही. दोन महिन्यांत दुरुस्ती दाखवा, तोवर पुढच्या वर्षीचे प्रवेश थांबवा. पैशाबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही.

संध्याकाळी भाऊंनी बोलावलं. आजवर ते मला तुम्ही म्हणायचे.

"मी तुला पोटाला लावलं आणि तू माझं कॉलेज बुडवायला निघालीस?"

"पोटाला मी बावीस वर्षं लागलेलीच होते," मी म्हणाले. "माझे पैसे परत द्या."

"कसले पैसे? कुणी घेतले? कुणी बघितलं?"

मी घरी गेले. रस्त्यात रडले, ते लिहायला लाज वाटत नाही. दुसऱ्या दिवसापासून चितेगावला उस्तादांकडे परत कामाला लागले.

पुढच्या सोमवारी आम्ही अकराजणी संस्थेच्या ऑफिसात गेलो. अध्यक्षेनं त्या दिवशी पोह्याची गाडी बंद ठेवली. आम्ही पाहुण्यांच्या खुर्च्यांवर बसलो, उरलेल्या खाली. अध्यक्षेनं वहीच्या पानाची झेरॉक्स भाऊंपुढं ठेवली. मूळ वही तिच्या पिशवीत होती आणि पिशवी तिच्या मांडीखाली.

भाऊंनी पान वाचलं. क्लार्कना हाक मारली. "हा शिक्का कुणी मारला?"

"भाऊ, मला वाटलं गटाचा अर्ज..."

"तुला काय वाटलं ते नको सांगू."

"त्यांना नका बोलू," अध्यक्ष म्हणाली. "सबंध ऑफिसात तेवढा एकच माणूस खरं लिहितो."

आमच्यातल्या दोघी पदरात हसल्या. क्लार्क भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भाऊंनी खण उघडला आणि म्हणाले, "हे दहा आत्ता घ्या. बाकीचे बघू. विषय संपवा."

मला बोलायचं नव्हतं. अध्यक्षेनं कोपर मारलं.

"पैसे परत," मी म्हणाले, "आणि रजिस्टरात माझं काम बी."

"एक काहीतरी बोल."

"दोन्ही."

त्यांनी खण बंद केला आणि आम्हाला जायला सांगितलं. खाली येऊन आम्ही बसस्टॉपवर गेलो. नर्सिंगवाल्या मुलीची आई सगळ्यांच्या पुढं एकटीच चालत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात दुपारी बहात्तरवाली मुलगी आणि सहा पोरं चितेगावच्या दुकानात आली. कॉलेजात वाइंडिंगचा तास फळ्यावरच होतो, म्हणाली. दुसऱ्या दिवशी चौदा आली. उस्ताद कमरेवर हात ठेवून बघत होते. "ये कॉलेज मेरे दुकान में कैकू घुसेला है?" म्हणाले, आणि बाहेर ताडपत्री बांधून दिली. चौथ्या दिवशी डिप्लोमावाले सर आले आणि पोरांच्या मागं बसले.

"मावशी, त्या दिवशी मी बोललो नाही. माझे दोन लाख..."

"माहीत आहे," मी म्हणाले. "ती पट्टी घ्या, खाचा साफ करा."

आसपासच्या दुकानदारांनी हे रोज बघितलं. कॉलेज त्यांच्यासाठी काढलं होतं, तिथली पोरं त्यांना कामाला घ्यायची होती, आणि पोरं शिकत होती रस्त्यावरच्या ताडपत्रीखाली. पाच दुकानदारांनी उस्तादांच्या लेटरहेडवर लिहून दिलं की आम्ही पोरं घेऊ ती या बाईच्या हाताखालची घेऊ. माझ्या बावीस वर्षांच्या कामाचा दाखला उस्तादांनी वेगळा दिला. त्यात माझं काम काय, ते त्यांनी मला विचारून लिहिलं.

ते कागद न्यायला प्राचार्य सर आले. त्यांनी नियम शोधून काढला होता. उद्योगातला अनुभव असलेला कारागीर, अनुभवाच्या दाखल्यावर, वर्षावर्षाच्या करारानं निदेशक म्हणून घेता येतो. हा नियम आधीपासून होता.

"ताई, मी आधीच बोलायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणाले. उगाच नाही कशाला म्हणू.

दोन महिने संपायला आठ दिवस होते तेव्हा नेमणुकीचं पत्र आलं, भाऊंच्या सहीचं. मी ते घेऊन ऑफिसात गेले आणि आधी रजिस्टर मागितलं. पहिल्या पानावर, डिप्लोमावाल्या सरांच्या खालच्या ओळीत, माझं नाव होतं. मी सावकाश वाचलं. मागं पाच माणसं खोळंबली होती, त्यांना खोळंबू दिलं. मग सही केली.

पैशाचं भाऊंनी पुढं काही महिन्यांनी सांगून पाठवलं की नगद देतो, सावकाश देतो, लिहायचं काही नाही. अध्यक्षेनं उलटा निरोप पाठवला की चेक पाहिजे, आणि प्रत्येक चेकला गटाच्या वहीत भाऊंचीच सही पाहिजे, क्लार्कची नको. दहा-दहा हजारांचे चार चेक ठरले. पहिले दोन लगेच आले, ते तसेच नर्सिंगच्या फीला गेले, ॲडमिशनच्या शेवटच्या तारखेला दोन दिवस राहिले होते. कमी पडले ते मी आणि माझ्या मालकांनी पगारातून घातले. तिसरा चेक परत आला, खात्यात पैसे नव्हते. मी वर्कशॉपातून उठून भाऊंच्या दारात जाऊन उभी राहिले. काही बोलले नाही. जेवणाच्या सुट्टीत रोज जाऊन उभी राहायचे. येणारे-जाणारे विचारायचे, मॅडम इथं कशाला उभ्या. पाचव्या दिवशी चेक बदलून दिला.

डिप्लोमावाल्या सरांना त्यांचे दोन लाख अजून मिळालेले नाहीत. त्यांच्याकडे वही नव्हती. आमच्या पानाची एक झेरॉक्स मात्र त्यांनी मागून घेतली आहे आणि निधी भरलेल्या बाकीच्या सहा जणांना दाखवली आहे. त्यातले दोघं मागच्या आठवड्यात भाऊंना भेटायला गेले होते. मला भाऊंनी बोलावून विचारलं, हे तुम्ही शिकवताय का. मी म्हणाले, मी वाइंडिंग शिकवते. ते आता मला पुन्हा तुम्ही म्हणतात.

शेवटचा चेक गेल्या शुक्रवारी मिळाला. बँकेत जमा झाल्याचा मेसेज मुलीनं मोबाईलवर वाचून दाखवला. मी शनिवारी पैसे काढले आणि रविवारी विहारात गटापुढं ठेवले. अध्यक्षेनं दोनदा मोजले आणि भाऊंची चौथी सही सगळ्यांना दाखवली. माझ्या नावाच्या पानावर तिच्या मुलीनं लिहिलं, चाळीस हजार पूर्ण परत. नऊजणींनी खाली सह्या केल्या, दोघींनी अंगठे दिले. मग पुढच्या कर्जाचा अर्ज निघाला, शिलाई मशीनचा.